पिराच्या राईची झाडलोट

हॅलो? …हॅलो, पावण्यांचा बंगला, कोल्हापूर. कोण पायजे?

…गगनबावडा? जोडा की, बाबू. …हॅलो, दाजी, आदाब. हे बगा, आधीच सांगतो, ह्या हप्त्यात आमच्याकडं एक बी खोली मोकळी न्हाय. तुमच्या साहेबाला सांगा, पुढच्या…

कोण?

आक्का?

अगं बिबीआक्का, तू फोनवर कशी? दाजी कुठं गेलं? …साहेबाबरोबर शिकारीला. वा. म्हणजे खानसामा जंगलात गेला की त्येची बायको साहेबाच्या टेबलावरनं फोन करती. …न्हाय गं, चेष्टा केली. कर की. सख्ख्या भावाला केलास, परक्याला न्हाय.

हळू बोल. आवाज तार आणती, तू कशाला रेटतीस? नळी तोंडाजवळ धर… न्हाय, ती कानाची. दुसरी. …हां. आता कसं, शेजारी बसल्यागत वाटतंय.

मी बरा हाय. …खरंच बरा हाय. बसऱ्यासनं आणलेला खोकला तेवढा हाय. लढाई सरली, पलटण घरला आली, खोकला काय जाईना. …खातो की वेळच्या वेळी. बंगल्यावर खायला काय कमी हाय, साहेबाचं उरलेलं आमास्नी पुरून उरतंय.

अब्बा? …हायत. बरं हायत.

तुला सांगू, राईतल्या चिंचा गाभुळल्यात. पिराच्या वरच्या अंगाची, तुझी चिंच म्हणायचो ती, ती तर लगडलीय नुसती. मी एक पिशवी भरून ठेवलीय. तिकडं गाडी कोण येणार असंल तर लावून देतो. मिठात घालून…

…व्हय. झाली.

राईची सुनावणी झाली गं. बेस्तरवारी झाली. आज शनवार न्हवं का, म्हणजे परवा.

बोललं की मास्तर. त्र्यंबक मास्तर बोललं, लई झ्याक बोललं. तासभर. अर्ज बी त्यांनीच लिवलता. मला कुठलं लिवता येतंय, मी फक्त घरोघर फिरून अंगठं घेतलं. एकशे बारा अंगठं. चिमणाबाईनं दोन्ही हातांचं दिलं, म्हणाली, एकानं भागायचं न्हाय.

आक्का, थांब जरा. मागच्या दारी चुलीवर हंडा चढवलाय, साहेबाच्या अंघोळीचा. लाकूड आत सारून येतो. …अगं, एक मिनिट. …बरं. बरं बाई, न्हाय जात. जळू दे.

निकाल लागला.

गेली, आक्का. राई गेली.

…हॅलो? …हायस न्हवं?

सगळी. चिंचा, वड, खालचा करंजाचा पट्टा. पिराचा चौथरा तेवढा ठेवणार, भवती कठडा घालून. बाकी सगळ्या जागंत गुळाची गुदामं आन् गाडीतळ. …उरूस? उरूस दुसरीकडं भरवा म्हणाले. पीर हितं आन् उरूस तितं. नवरा मांडवात आन् वरात येशीवर.

मास्तर म्हणालं, महाराजांकडं अर्ज टाकू. टाकू की. पण अर्ज वर जाईस्तोवर महिना लागंल आन् कुऱ्हाडी सोमवारी येणार. …ह्याच सोमवारी. परवा.

चाफा? …चाफा बी जाणार. चाफा तर पयला. गाड्यांची वाट नेमकी त्येच्यावरनंच आखलीय. …अगं, साठ-सत्तर झाडं जात्यात, त्यात तुला चाफ्याचंच काय पडलंय? आत्ता तर त्येला एक पान न्हाय, नुसती हाडं हायत. चाफ्याची फांदी मोडून लावली तरी जगती. तुझ्या दारात लावून देतो की.

…बरं. न्हाय बोलत चाफ्याचं.

कशी गेली म्हणजे? …आक्का, ते सांगतो. पण तू मधी बोलू नगं. तू मधी बोललीस की मी भलतीकडं जातो, आन् मला हे एकदाच सांगायला जमणार हाय.

कचेरीतला साहेब. …नाव कशाला पायजे? चांगला माणूस हाय तो. मी त्येच्या नावानं बोटं मोडणार न्हाय, मोडायला माझी बोटं पुरायची न्हाईत. सुनावणीच्या आधी दोन हप्ते तो राई बघायला येणार हुता. पाहणीला. मास्तरांनी अर्जात लिवलतं, ही राई रोज दोनशे माणूस वापरतंय. केरबा दोर वळतोय. चिमणाबाई ताक इकती. बाया शेवया वाळवत्यात, वाकळा वाळवत्यात. हुपरीचं चांदीवालं दुपारची भाकरी सोडत्यात, नृसिंहवाडीला चालत निघालेली माणसं आडवी हुत्यात. मोहरमात पंजे हितंच टेकत्यात. सगळं लिवलतं. साहेब म्हणाला, ठीक हाय, मी माझ्या डोळ्यानं बगतो. मंगळवारी येतो.

आन् मास्तर मला म्हणालं, दिलदार, साहेबलोकांचं तुला कळतं, तू बग काय ते.

…व्हय, मलाच. मंग कुणाला सांगणार? बसऱ्याला तीन साल साहेबांचं तंबू सांभाळलं. हितं बंगला सांभाळतोय. साहेब येणार म्हटलं की माझं हातपाय आपोआप चालत्यात. डोस्कं लागत न्हाय त्येला.

तुला ठाऊक हाय आमचा धंदा, दाजींचा बी त्योच. साहेबाला पाणी दिसावं, पाणी भरणारा दिसू नये. हातरूण दिसावं, घालणारा दिसू नये. पंखा हालावा, दोरी वढणारा भिंतीपल्याड. तेवढंच शिकलोय मी सगळ्या जन्मात. त्यात मात्र माझा हात कोण धरायचा न्हाय.

मी राई झाडली, आक्का.

…झाडली म्हणजे झाडली. खराट्यानं. चार दिवस.

पालापाचोळा, लेंड्या, चिंचंची टरफलं, समदं वढून जाळलं. पाणी मारलं. खाचखळगं भरलं, धुमुस घालून भुई चोपली. वर शेणानं सारवलं. बायांच्या वाकळा काढायला लावल्या. केरबाचं दोर वळायचं खुंटं उपटलं. तो म्हणाला, दिलदारभाई, माझ्या बापानं रोवल्यात ह्या खुंट्या. मी म्हटलं, एका दिवसाचं काम हाय केरबा, साहेबाच्या पायाला लागंल. चिमणाबाईला म्हटलं, मावशे, मंगळवारी घरी बस, तुझ्या ताकावर माशा घोंगावत्यात. ती म्हणाली, माशा तर माशा, त्या बी गिऱ्हाईकच. मी ऐकलं न्हाय.

वाडीला चाललेलं वीस-पंचवीस लोक त्याच सकाळी आलतं. भजन म्हणत आलतं. पाया पडून त्यास्नी दुसऱ्या वाटंनं लावून दिलं.

…व्हय.

…व्हय, आक्का. एक माणूस ठेवला न्हाय.

तू हसतीस का रडतीस? …मला कळंना. …हस, हस. आमच्या गल्लीत बी आधी हसली माणसं, मंग रडली.

साहेब आला. घोड्यावरनं उतरला. मी टेबल मांडलं हुतं, बंगल्यावरची इस्त्रीची चादर. फुलं ठेवली. ताजा चहा दिला, जागच्या जागी उकळून. साहेब म्हणाला, काय शांत जागा हाय ही. आक्का, मला इतकं बरं वाटलं. वाटलं, जिंकली आपण. आन् चहा देऊन मी वडामागं जाऊन हुबा राहिलो. साहेबाला दिसू नये म्हणून.

तासभर फिरला तो. कागदावर लिवत हुता. मी मागनं बगत हुतो, त्येच्या बुटाला चिखूल लागला न्हाय, पाचोळा लागला न्हाय. आरशागत बूट आलं तसं गेलं.

परवा त्योच कागद वाचला कचेरीत. कारकुनानं वाचला, मोठ्यानं. सदरहू जागा मोकळी, स्वच्छ व सपाट असून, पाहणीच्या समयी तिचा वापर करणारा एकही इसम आढळून आला नाही.

…व्हय. एकही इसम.

मास्तर उठलं. म्हणालं, साहेब, दोनशे माणूस रोज… साहेब म्हणाला, मास्तर, मी स्वतः गेलतो. मला दोनशे नगंत, दोन दाखवायचे हुते. मास्तर खाली बसलं. त्यांचा चष्मा हातातच राहिला. आन् केरबा माझ्याकडं बगत हुता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत्यात न्हवं? मी अशी झाकली की मुठीत काय हुतं तेच कुणाला दिसलं न्हाय. मला लाज वाटती, आक्का. गल्लीतनं जाताना डोस्कं वर करवत न्हाय. एवढी लाज मला साहेबाच्या लाथंची बी कवा वाटली न्हवती.

…न्हाय, न्हाय, कुणी बोललं न्हाय मला. तेच तर.

अब्बा? अब्बा हुतं की सुनावणीला. मी हात धरून न्हेलतं. …न्हाय, पाहणीला न्हवतं. पाहणीच्या दिवशी त्यास्नी मास्तरांच्या पडवीत बसवलतं सकाळधरनं. …अगं, डोळं तर गेल्यात पुरतं. खोकत्यात, सदरा फाटका, काठी चाचपत साहेबाच्या अंगावर जायचं. …बोल. बोल की. पिराच्या मुजावराला पिराच्या राईतनं हलवलं मी. तुझ्या तोंडनं ऐकतो, तेवढंच बरं वाटंल.

पण एक सांगतो, साहेब वाईट न्हाय. शेवटी त्येनं इचारलं. म्हणाला, ह्या जागंत कुणाची मूठमाती झालीय का? कुणाची कबर हाय का? असंल तर आत्ता सांगा, तेवढी जागा आन् भवतालची झाडं मी सोडतो. मयताच्या अंगावर गाडीतळ करायचं पाप मला नगं.

तवा अब्बा उठलं.

…अब्बा गं. काठीवर भार टाकून उठलं. म्हणालं, हाय.

मी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. म्हटलं, अब्बा, पिराचा चौथरा म्हणत्यात ते, तो लिवलाय कागदात. आन् साहेबाला म्हटलं, पिराशिवाय काय न्हाय साहेब, म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका, दिसत न्हाय त्यास्नी. साहेबानं सही केली.

…हॅलो? …आक्का, ऐकू येतंय न्हवं? …हॅलो, बाबू, लाइन हाय का? …आक्का, बोल की काय तरी.

तवापासनं? …न्हाय, अब्बांचं त्येच्या आधीपासनंच बिघडलंय. मगाशी तुला सांगितलं न्हाय, तू काळजी करशील म्हणून. पाहणीच्या दिवशी संध्याकाळी त्यास्नी परत आणलं, तर सरळ चाफ्याखाली गेलं आन् बसलं. भुईवरनं हात फिरवत राहिलं. मला इचारलं, कुणी न्हेलं? म्हटलं, काय अब्बा? तर परत तेच, कुणी न्हेलं? मला वाटलं घोंगडं म्हणत्यात. घोंगडं धुवायला टाकलतं मी. वाळल्यावर आणून दिलं. घोंगडं बाजूला सारलं आन् परत भुई चाचपायला लागलं.

रोज. रोज बसत्यात. भाकरी दोन घास. कवा ह्या अंगाला चाचपत्यात, कवा त्या अंगाला. म्हातारपण हाय, म्हटलं. डोळं गेलं की माणूस असंच करतंय.

…मी काय न्हेणार तितनं? …न्हाय गं. चाफ्याखाली काय हुतं? पाला हुता. एवढासा उंचवटा हुता, मुंग्यांचा असंल, तो चोपून बसवला. आन्…

तुला कसं ठाऊक?

…व्हय. हुतं की. तीन दगड हुतं. नदीतलं गोटं, काळंभोर, एका मापाचं, गुळगुळीत. पाल्यात दबलं हुतं निम्मं. …घेतलं मी. …साहेबाचा चहा जागीच उकळायचा हुता न्हवं का, चूल मांडायला घेतलं. असं तीन दगड शोधून मिळत न्हाईत, आक्का, भांडं जरा बी डुगडुगत न्हाय. मंग म्हटलं, हितं टाकून काय करायचं, बंगल्यावरच घेऊन आलो.

…हितं. मागच्या दारी. त्येच्यावरच तर हंडा चढवलाय, मगाशी म्हटलं न्हाय का मी तुला.

आक्का?

…आक्का, काय झालं? …अगं, अशी नगं रडू, मला काय कळंना. हळू. श्वास घे. …कवा? मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालात. व्हय. मी बसऱ्याला हुतो तवा, तू बाळंतपणाला हितं माहेरी. …ठाऊक हाय की मला. तुझी पोर गेली, सलिमा. वीस दिवसांची. दाजींनी पत्र घातलतं, मास्तरांच्या हातचं. साहेबाच्या तंबूमागं बसून वाचून घेतलं मी दुसऱ्याकडनं. …कबरस्तानात न्हेली न्हवं तिला?

…न्हाय?

…

…व्हय. …व्हय, ऐकलंय, घराघरात मयत हुतं. खांदा द्यायला माणूस न्हवतं. …दाजी बी तापानं पडलं हुतं. …अब्बा एकटं. …तुझ्या ओढणीत गुंडाळून. …पहाटं. कबरस्तानात जागा न्हवती आन् दुसरीकडं पुरायची बंदी. म्हणून कुणाला सांगायचं न्हाय. …तूच शपथ घातलीस अब्बांना. …मला बी न्हाय.

कुठं, आक्का?

…

चाफ्याखाली.

…तीन दगड अब्बांनी नदीवरनं आणलं. एकेक करून. तवा त्यास्नी थोडं दिसत हुतं.

आक्का, मला कुणी सांगितलं न्हाय. …न्हाय, तुझी चूक न्हाय. तुझी कशी असंल? तू असं म्हणू नगं. …मला ठाऊक असतं तर मी त्या दगडास्नी… मी तिला बघितली बी न्हाय, आक्का. मामा असून बघितली न्हाय. तुला आठवतंय, ती झाल्याचं कळलं तवा तिच्यासाठी घेतलेली मण्यांची माळ मी बसऱ्यासनं तशीच आणलती. आल्यावर तुझ्या हातात दिली आन् तू तोंड फिरवलंस. मी म्हटलं, आक्काला आवडली न्हाय.

…राईतच ठेवलीस ती. तिच्यापाशी. …व्हय, असंल. मातीत असंल.

म्हणजे अब्बा म्हणत हुतं, हाय. भर कचेरीत शपथ मोडून म्हणालं, हाय. साहेब सोडणार हुता. आन् मी सदरा धरला.

…मी सारवली गं ती जागा. शेणानं, ह्या हातानं. बाकी ठिकाणी बायांनी सारवलं, चाफ्याखाली मी सारवलं. चार येळा हात फिरवला. साहेबाचं टेबल तितंच मांडायचं हुतं. थंडीचं दिवस, चाफ्याला पान न्हाय, ऊन कोवळं येतंय, म्हटलं साहेबाला बरं वाटंल…

न्हाय. न्हाय सांगत फुडं.

आक्का, मी आत्ता जातो. कचेरी उघडी असंल. साहेबाच्या पाया पडतो, सांगतो. तो म्हणालाय सोडीन, त्येच्या तोंडनं म्हणालाय. …काय म्हणंल? …म्हणंल, मी इचारलं तवा तूच न्हाय म्हणालास. …व्हय. म्हणंल, कुठं हाय कबर, दाखव. मी काय दाखवू? सारवलेली भुई? आन् दगड कुठं हायत म्हटलं तर…

…व्हय. तेच म्हणंल. उकरून दाखवा म्हणंल. कायद्याचा माणूस तो.

…न्हाय. न्हाय, आक्का. शपथ. पिराची शपथ. तिला कुणाला हात लावू देणार न्हाय. राई गेली तर गेली. उकरू देणार न्हाय. तू रडू नगं, मी कुणाला सांगत न्हाय. मास्तरांना बी न्हाय.

सांग. ऐकतोय. …चाफ्याच्या बुंध्याला पाठ लावायची. …तोंड पिराच्या चौथऱ्याकडं. …अब्बांची पाच पावलं. माझी न्हाईत, अब्बांची. …मंग उजव्या हाताला ईतभर. डोस्कं कुठल्या अंगाला? …हां. हां, कळलं. अब्बांनाच घेऊन जातो. पावलं त्यास्नी ठाऊक हायत. त्यास्नी दगड मिळाला न्हाय म्हणून ते हुडकत राहिलं, जागा न्हाय चुकली त्यांची. आता कळतंय मला, रोज बसत्यात ती जागा… ती एकच हाय, आक्का. रोज तितंच बसत्यात.

…कोण, तू? तू कशी येणार? …सामानाची गाडी. दाजींना न इचारता? …बरं, बरं. न्हाय आडवत मी तुला. पण बैलगाडीला दोन दिवस लागत्यात, तू आत्ता निघालीस तर सोमवारी उन्हं वर येताना पोचशील. कुऱ्हाडी बी तवाच येणार. …व्हय. चाफा पयला. म्हटलं मी मगाशी.

चिठ्ठी ठेव दाजींना, नुसती जाऊ नगंस. कुणाकडनं तरी लिवून घे. कांबळं घे. थंडी हाय.

मी असतो तितं. सोमवारी, उजाडायच्या आधीपासनं. …न्हाय, झाडामागं न्हाय. चाफ्याखाली बसतो, मधोमध. केरबाला सांगतो, खुंटं परत ठोक, माझ्या डोस्क्यात ठोकलंस तरी चालंल. चिमणाबाईला सांगतो, मडकी घेऊन ये, माशा बी घेऊन ये. …येतील. का न्हाय येणार? मी बोलावलं तर येणार न्हाईत, अब्बांनी बोलावलं तर येतील.

नोकरी? …जाऊ दे की. सोमवारी साहेबाला चहा दुसरं कोण तरी देईल.

…ठाऊक हाय मला. सही झालीय. आता दिसून उपेग न्हाय. मी काय खुळा न्हाय, आक्का, ते मला कळतंय. चाफा पडणारच. तरी बसतो. कुऱ्हाड घालणाऱ्याला तरी माणूस दिसू दे.

तू आलीस की तुझ्या हातानं बग काय ते. माती घ्यायची तर घे. हाय तशी ठेवायची तर ठेव. तू म्हणशील तसं.

…दगड? …व्हय. न्हेतो. आजच न्हेतो. आधी नदीवर न्हेऊन धुतो, अब्बांनी जितनं आणलं तितं. …काळं हुतंच गं, आता काजळी चढलीय वर. घासतो. राखंनं न्हाय घासत, राख नगं आता. वाळूनं घासतो.

…न्हाय, फुटलं न्हाईत. तिन्ही धड हायत. एकाला जरा तडा गेलाय जाळानं, बारीक. …तो मी डोस्क्याशी न्हाय ठेवत. …बरं. पायाशी ठेवतो.

कशाला इचारतीस आक्का ते?

…व्हय.

…व्हय, आत्ता. गरम हायत. हंडा हाय वर, जाळ हाय खाली.

…दोन हप्ते. रोज. सकाळी चहा, दुपारी अंघोळ. मीच पेटवतो. फुंकणीनं फुंकून…

आक्का, नगं. आक्का, ऐक ना माझं. तिला नसंल कळलं. ती तितं हाय, दगड हितं. तिला नसंल…

…हॅलो? कोण? …बाबू, अजून बोलायचंय. …दरबारचा फोन असंल तर असू दे की दोन मिनिट. अवो, बाई रडत्यात तिकडं. …आक्का, गाडी बघ, लगेच निघ, वाटंत थांबू नगं. अब्बांना मी जेवायला घालतो. आज जेवतील बग. आज त्यास्नी सांगतो कुणी न्हेलं ते…

हॅलो? …आक्का?

…हॅलो?

तुटली व्हय.

…न्हाय बाबू, परत जोडू नगा. मला चूल इझवायची हाय.